चेअरमन नसलेला उद्योग

परभणी जिल्ह्याचे दोन भाग करून १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. त्यानंतर उद्योगांना सवलती देणाऱ्या राज्याच्या प्रोत्साहन योजनेत त्याची नोंद झाली ती गडचिरोलीच्या पंक्तीला, ‘विनाउद्योग जिल्हा’ म्हणून. सवलत जास्त मिळावी म्हणून हा शिक्का सोयीचाच होता आणि कागदावर तो खोटाही नव्हता. साखर कारखाने सोडले तर मोठी चिमणी नाही, गाड्यांचा कारखाना नाही, औषधांची कंपनी नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये औंढा नागनाथहून वसमतकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतांमधून वाफेचे लोट उठताना दिसतात. ट्रॅक्टरमागे जोडून आणलेला बॉयलर, त्याला लागून लोखंडी ड्रम, आणि पुढे खळ्यावर पसरलेला हळदीचा पिवळा ढीग. ही शिजवण, वाळवण आणि पॉलिश म्हणजे प्रक्रिया उद्योगच आहे. त्याला पत्ता नसतो आणि फाटकावर पाटी नसते, इतकंच.

औंढ्याचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते नागनाथामुळे. यादवकाळातलं दगडी देऊळ, अहिल्याबाई होळकरांनी केलेला वरच्या भागाचा जीर्णोद्धार, अरुंद पायऱ्या उतरून जावं लागणारं तळघरातलं गर्भगृह, आणि नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून इथे भेटले ही वारकऱ्यांच्या तोंडी असलेली कथा. महाशिवरात्रीची यात्रा आणि श्रावणातले सोमवार यांवर गावातले हारवाले, प्रसादवाले, लॉजवाले, रिक्षावाले यांचं बरंच वर्ष निघतं. माझ्या मते देवस्थानाभोवतीच्या या धंद्याला हंगाम आहे, पण त्याची वाढ फारशी होत नाही. यात्रेकरू सकाळी येतो, दर्शन घेतो आणि संध्याकाळपर्यंत परळी किंवा नांदेडच्या वाटेला लागतो. मुक्कामाचा खर्च तिकडे होतो. त्यामुळे तालुक्यात पैसा कुठून येतो हे पाहायचं तर देवळापासून थोडं लांब, कालव्याच्या अंगाला जावं लागतं.

पूर्णा नदीवर वर येलदरी आणि तिच्या खाली, औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर. १९६०च्या दशकात पुऱ्या झालेल्या या जोडधरणांनी औंढा आणि वसमतच्या काळ्या जमिनीला कालव्याचं पाणी दिलं. पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसामागे कारखाने आले. वसमतचा पूर्णा, कुरुंद्याचा टोकाई, औंढा तालुक्यातल्या जवळा बाजारचा बाराशिव हनुमान. पश्चिम महाराष्ट्रात घडलं तेच इथे उशिरा आणि लहान प्रमाणात घडलं. कारखान्याबरोबर चेअरमनही आले. वसमतचे जयप्रकाश दांडेगावकर हे त्याचं ठळक उदाहरण. पूर्णा कारखान्याचं नेतृत्व, आमदारकी, राज्यात मंत्रिपद आणि पुढे देशभरातल्या सहकारी कारखान्यांच्या राष्ट्रीय महासंघाचं अध्यक्षपद. विनाउद्योग म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यातला माणूस दिल्लीत साखर उद्योगाच्या वतीने बोलत होता.

उसाला चेअरमन लागतो तो काही हौस म्हणून नाही. ऊस तोडला की त्यातली साखर तासागणिक घटायला लागते. चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडला पाहिजे. म्हणजे शेतकऱ्याला थांबायची सोय नाही आणि लांब नेणं परवडत नाही. शिवाय दोन कारखान्यांमध्ये हवाई अंतर किती असावं याचा नियम आहे. केंद्राचा १५ किलोमीटरचा, महाराष्ट्राने तो २५ केला. परवाना, भागभांडवल, बँकेच्या कर्जाला सरकारची हमी, तोडणीची टोळी, गाळपाचं वेळापत्रक, हे सगळं एका माणसाच्या दारात येऊन थांबतं. ज्याच्या हातात तोडीची चिठ्ठी त्याच्या हातात गाव, अशी ही रचना. पीकच असं, की ते नेता तयार करतं.

हळदीचं नेमकं उलटं आहे, आणि या लेखाचा सगळा मुद्दा त्या एका गुणात आहे. वाळलेली हळद टिकते. कीड आणि ओल यांपासून सांभाळली तर वर्ष-दोन वर्षं पोत्यात पडून राहते. तिला अंतराचा नियम नाही, परवाना नाही, चिठ्ठी नाही. भाव पटला नाही तर शेतकरी ती घरातल्या मागच्या खोलीत थप्पी लावून ठेवू शकतो. म्हणून हळदीला चेअरमन लागला नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती ठिबक, गादीवाफा आणि सेलम जातीचं बेणं यांच्या आधारे शेजाऱ्याचं पाहून शेजाऱ्याने लावली, आणि आज हिंगोली हा राज्यात सर्वाधिक हळद पिकवणारा जिल्हा आहे. सांगलीचं नाव मोठं असलं, तरी ते बाजारपेठेचं. पिकाचं केंद्र केव्हाच गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यात सरकलं आहे.

हे पीक सोपं मात्र मुळीच नाही. मे-जूनमध्ये लावण, एकरी दहा-बारा क्विंटल बेणं, आठ-नऊ महिने रान अडकून, पावसाळ्यात कंदकूज आणि कंदमाशीची धास्ती. जानेवारीनंतर पाला पिवळा पडून लोळला की तो कापायचा, चार दिवस जमीन तापू द्यायची, मग ट्रॅक्टरच्या अवजाराने किंवा कुदळीने कंद उकरायचे. पुढचं काम बायकांच्या हातचं. मातीसकट निघालेला गड्डा झटकून त्याची हळकुंडं मोडून वेगळी करायची. मधला गोल कंद तो गट्टू, बाजूला फुटलेली बोटं ती कांडी. बाजारात दोन्हींचे भाव वेगळे लागतात आणि कांडी नेहमी चढी असते.

मग शिजवण. पूर्वी मोठ्या कढईत पाणी घालून हळद उकळायचे. लाकूडफाटा अफाट लागायचा, आणि कढईच्या तळाची हळद गळून जायची तेव्हा वरची कच्ची असायची. आता वाफेवर शिजवतात. बॉयलरमधली वाफ नळीने ड्रममध्ये सोडायची, एका ड्रममध्ये दोन-तीन क्विंटल ओली हळद बसते, आणि एक ड्रम शिजेपर्यंत दुसरा भरून तयार होतो. शिजली की नाही हे ओळखायला यंत्र नाही. मजूर एक कांडी उचलतो आणि तिच्यात गवताची काडी टोचतो. आरपार गेली तर ड्रम पालथा करायचा. या शिजवणीला कारण आहे. उष्णतेने कंदातलं पिष्ट चिकट होऊन घट्ट बसतं, पिवळा रंग आतल्या भागात सारखा पसरतो, आणि डोळा मरतो म्हणून कोंब फुटत नाही. शिजवण कमी पडली तर वाळताना कांडी पोकळ राहते आणि पॉलिशच्या ड्रममध्ये तिचे तुकडे होतात. जास्त झाली तर रंग काळपट पडतो. दोन्हीकडून भाव मार खातो.

दहा-पंधरा दिवस उन्हात वाळल्यावर दोन कांड्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजतात. मग त्या पॉलिशच्या फिरत्या ड्रममध्ये जातात, साल आणि मुळ्या घासून निघतात आणि अंगावर ती बाजारातली तकाकी येते. पाच क्विंटल ओल्या हळदीची जेमतेम एक क्विंटल वाळलेली हळद हाती लागते. बेण्यापासून पॉलिशपर्यंतचा एकरी खर्च लाखाच्या घरात जातो आणि तो सगळा विक्रीआधी घालावा लागतो. म्हणजे हळदीचा शेतकरी हा शेतकरी, कारखानदार आणि साठेबाज असे तिन्ही धंदे एकाच सातबाऱ्यावर करतो. शिजवलेली, पॉलिश केलेली हळद शेतमाल धरायची की प्रक्रिया केलेला माल, हा वाद जीएसटीच्या प्राधिकरणापुढेही गेला होता. ज्यांनी खळ्यावर एक दिवस काढला आहे त्यांना तो वाद पडला याचं नवल वाटणार नाही.

बॉयलर ज्याच्याकडे आहे त्याला कुणी उद्योजक म्हणत नाही. त्याच्याकडे चार-सहा माणसांची टोळी असते, तो गावोगाव फिरतो आणि दर ठरवून शिजवून देतो. पॉलिशवाल्याचंही तसंच. बॉयलर, पॉलिश यंत्र आणि काढणीची अवजारं यांची दुरुस्ती करणारी वेल्डिंगची दुकानं हे या पिकाभोवती उभं राहिलेलं तिसरं वर्तुळ. हंगाम तीन-साडेतीन महिन्यांचा, पण त्यात फिरणारा पैसा मोठा आणि रोखीचा. उद्योगमंत्र्यांच्या हस्ते यातल्या कशाचंही भूमिपूजन झालेलं नाही.

पुढचा मुक्काम मोंढा. हिंगोलीच्या बाजार समितीचं संत नामदेव हळद मार्केट यार्ड आणि वसमतचा मोंढा ही या भागातली दोन मोठी ठिकाणं, त्यांच्या पाठीशी नांदेड. सकाळी बीट, म्हणजे लिलाव, सुरू होतं. आडत्याच्या दारात ढीग ओतलेला, खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो, कुणी कांडी मोडून आतला रंग बघतो, कुणी दातांखाली धरतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत बोली तुटते. मग काटा, हमाली, आडत आणि पट्टी. खरेदीदाराच्या खिशातल्या मोबाइलवर मात्र आणखी एक भाव चालू असतो, वायदे बाजाराचा. हळदीच्या वायद्याचं मूळ केंद्र तेलंगणातलं निजामाबाद. तिथला आकडा सकाळी हलला की हिंगोलीच्या बिटातली पहिली बोली त्याच दिशेला झुकते.

टिकणाऱ्या पिकाचा फायदा आणि तोटा इथे एकत्र दिसतो. २०१०-११मध्ये हळदीला सोन्याचे दिवस आले, लागवड वाढत सुटली, आणि मग कित्येक वर्षं भाव क्विंटलमागे पाच ते आठ हजारांच्या आसपास घुटमळला. थांबलेल्यांच्या थप्प्या घरात राहिल्या आणि व्याज वाढत गेलं. २०२३च्या उन्हाळ्यात सहा-सात हजारांवर असलेला वायदा ऑगस्टपर्यंत दुपटीच्या पुढे गेला. तोवर बहुतेकांनी माल विकून टाकला होता. थांबण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्यालाच टिकाऊपणाचा उपयोग. मुलीचं लग्न आणि पुढच्या लावणीचं बेणं ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्यासाठी हळद उसाइतकीच नाशवंत. यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत हळद बसते. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी उचलायचं, आणि भाव बघून विकायचं. साठवणीसाठी पूर्वी सांगलीजवळ हरिपूरला जमिनीतली पेवं होती, त्यांच्यात व्यापारी वर्षानुवर्षं हळद साठवत. २००५च्या महापुरात त्यांतली बरीच बुडाली. पेवांच्या जागी आता गोदामाची पावती हवी, पण या भागात तारण ठेवणाऱ्यापेक्षा आडत्याकडून उचल घेणारा शेतकरी अजून जास्त भेटतो.

अलीकडे या नेता नसलेल्या उद्योगाला नेते मिळू लागले आहेत. हिंगोलीचे त्या वेळचे खासदार हेमंत पाटील यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने हळद संशोधन व प्रक्रिया धोरणाची अभ्यास समिती नेमली. त्यातून वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं, १०० कोटींच्या तरतुदीचं. पाटील स्वतः सहकारी पतसंस्थेच्या क्षेत्रातून आलेले. नांदेडची गोदावरी अर्बन मल्टीस्टेट त्यांनी उभी केली आणि तिचं नेतृत्व त्यांच्या पत्नी राजश्री पाटील करतात. २०२४मध्ये ‘वसमत हळद’ला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात त्याआधी वर्ध्याच्या वायगावला आणि सांगलीला ते मिळालेलं होतं. केंद्राने ऑक्टोबर २०२३मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना काढली आणि जानेवारी २०२५मध्ये ते निजामाबादला सुरू झालं. ‘एक जिल्हा एक उत्पादन’मध्ये हिंगोलीच्या नावापुढे हळद आहे, त्यामुळे छोट्या प्रक्रिया उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळू शकतं. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या ‘स्मार्ट’ प्रकल्पातून शेतकरी उत्पादक कंपन्यांना गोदाम आणि यंत्रांसाठी पैसा मिळतो. वसमत, कळमनुरी, औंढा भागात अशा कंपन्या निघाल्या आहेत. काही चालतात, काही फक्त अनुदानाच्या फायलीत जिवंत आहेत, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

माझी शंका वेगळी आहे. या सगळ्यातला बहुतेक पैसा हळद पावडर करण्याच्या पायरीपर्यंत पोचतो. चक्की बसवायची, पाकिटं करायची, गावाचं नाव छापायचं. पाकिटाच्या धंद्यात समोर मोठे मसालेवाले उभे असतात, त्यांच्या जाहिरातीच्या खर्चापुढे गावातल्या चक्कीचा टिकाव लागणं कठीण. खरा नफा आणखी एक पायरी पुढे आहे, आणि ती पायरी चढलेला माणूस हळदीच्या मुलखातला नव्हताच. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कोलेंचेरीत सी. व्ही. जेकब यांनी १९७२मध्ये सिंथाइट ही कंपनी सुरू केली. मसाल्याच्या पिकातून द्रावकाने अर्क काढायचा, त्याला ओलिओरेझिन म्हणतात, आणि तो जगभरच्या खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना विकायचा. आज ओलिओरेझिनच्या धंद्यात ती जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांमध्ये गणली जाते. हळदीतला रंग आणि औषधी गुण ज्या कर्क्युमिनमध्ये आहे, ते कांडीत साधारण दोन ते पाच टक्के असतं. अर्कात ते शुद्ध करून पंचाण्णव टक्क्यांपर्यंत नेतात. गोळ्या, कॅप्सूल, सौंदर्यप्रसाधनं यांत जातं ते हे. जगातली सत्तर टक्क्यांहून जास्त हळद भारत पिकवतो. २०२२-२३मध्ये देशात ११.६१ लाख टन पिकली, त्यातली निर्यात होती दीड लाख टनांच्या आसपास, किंमत सुमारे २०७ दशलक्ष डॉलर. १९९५मध्ये अमेरिकेत दिलं गेलेलं हळदीचं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून १९९७मध्ये रद्द करवलं, ती गोष्ट आपण शाळेपासून अभिमानाने सांगतो. ती लढाई जखम भरण्याच्या गुणावर मालकी कुणाची, याची होती. अर्काचा कारखाना कुठे असावा हे त्यात ठरायचं नव्हतं, आणि तो हिंगोलीत झाला नाही.

तसा कारखाना औंढ्याजवळ काढायचा म्हटलं तर आता एक नवा शेजारी विचारात घ्यावा लागेल. दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया उभं राहतंय. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, त्यांच्यातून धावणारा लेसर, आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली गुरुत्वीय लहर पकडण्याचं काम. अमेरिकेतल्या लायगोने पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली. ती बातमी फेब्रुवारी २०१६मध्ये जाहीर झाल्यावर आठवड्याभरात केंद्राने भारतातल्या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटींची अंतिम मंजुरी आली. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांच्याबरोबर अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा हे काम करते. मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान. त्यामुळे जागा निवडताना आधी पाहिलं गेलं ते जमीन किती शांत आहे हे. अमेरिकेत लिव्हिंग्स्टनच्या लायगोला जंगलतोडीच्या यंत्रांचा आणि जवळून जाणाऱ्या रेल्वेगाडीचा त्रास होतो. इथे अवजड उद्योग नाही, दिवसरात्र वाहणारा महामार्ग दारात नाही. विनाउद्योग असणं हीच जिल्ह्याची पात्रता ठरली, हे कुणाही उद्योगमंत्र्याला सुचलं नसतं.

गावात मात्र लायगोकडून पहिली अपेक्षा नोकऱ्यांची होती. बांधकामाच्या काळात डंपर, सिमेंट, मजुरी, जेवणाचे डबे, भाड्याच्या खोल्या यांतून पैसा येईल. नंतरची कायम पदं थोडी आणि बहुतेक उच्चशिक्षितांची. जास्त टिकाऊ फायदा दुसऱ्या बाजूने येऊ शकतो. निर्वात नळ्यांची जोडणी, अचूक वेल्डिंग, स्वच्छ खोल्यांची देखभाल, शीतकरण, नाजूक विजेची कामं हे सगळं जवळच कुणीतरी करणार. हिंगोली आणि वसमतच्या आयटीआयमधल्या मुलांना त्याचं शिक्षण आतापासून मिळालं, तर बॉयलरच्या ड्रमला ठिगळ लावणारे हात त्या कामालाही लागू शकतात. नाहीतर ती माणसं पुण्याहून येतील आणि औंढ्याच्या लॉजवर उतरतील.

हळदीपुरता विचार केला तर वसमतच्या केंद्राकडून मागावं असं एक काम आहे आणि ते १०० कोटींतलं फार खाणारं नाही. आज बिटात भाव ठरतो तो डोळ्याने, हाताने आणि दाताने. लांबी, तकाकी, मोडल्यावरचा रंग. एकाच शिवारातल्या दोन शेतकऱ्यांच्या हळदीत कर्क्युमिन दोन टक्के आणि चार टक्के असा फरक निघू शकतो. अर्क काढणाऱ्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या मालाची किंमत जवळपास दुप्पट. तरीही मोंढ्यात दोघांनाही त्या दिवसाचा चालू भाव मिळतो, कारण आकडा कुणाजवळच नसतो. ढीग बिटाला लागण्याआधी नमुना तपासून तो आकडा पोत्यावर चिकटवणारी प्रयोगशाळा हिंगोली आणि वसमतच्या मोंढ्यात बसली, तर केरळचा आणि बंगळुरूचा खरेदीदार मधले तीन हात सोडून थेट बोलीला उभा राहील. आडत्यांचा याला विरोध होईल. तो सोसायचा की नाही, हे बाजार समितीच्या संचालकांना ठरवावं लागेल.